पुरुषपणाचें शिक्षण

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त तरुण-तरुणी व त्यांचे पालक यांच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं वक्त्यानें पूर्वजांचें गुणवर्णन करावें, देवळाच्या बांधणीचा इतिहास सांगावा, आणि श्रोत्यांनीं प्रसन्न मनानें घरीं जावें, असा संप्रदाय आहे. तो मोडण्याची आम्हांस हौस नाहीं. परंतु तरुणांस उपयोगी पडेल असें कांहीं बोला, अशी चालक मंडळींनीं आज्ञा केली, आणि विचार करूं लागतांच आमच्या मनापुढें जो विषय उभा राहिला तो सणासुदीला शोभणारा नव्हता. नवऱ्यानें बायकोवर, किंवा लग्नापूर्वींच मित्रानें मैत्रिणीवर, हात टाकणें हा तो विषय. आणि हा हात उगारला जाण्याआधींच कसा आवरतां येईल, ह्यासाठीं ठिकठिकाणीं जे प्रयत्न झाले, त्यांची हकीकत. आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांनीं विषय ऐकतांच कपाळाला आठ्या घातल्या व म्हणाले, "मास्तर, झांकली मूठ सव्वा लाखाची. ती महोत्सवांतच उघडायची काय?" मूठ झांकलेली असली तरी तिच्या आंत काय आहे तें शेजारच्या भिंतीला ऐकूं येतेंच. सबब ती उघडण्याची परवानगी आम्ही आपणांकडे मागतों.

प्रथम कांहीं आंकडे सांगून टाकतों, म्हणजे हें सारें आमच्या मनचें नाहीं अशी आपली खात्री होईल. २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, १८ ते ४९ वर्षांच्या विवाहित स्त्रियांपैकीं देशभरांत शेंकडा २९ जणींनीं नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक अत्याचार सोसल्याचें सांगितलें. आपल्या महाराष्ट्रांत हें प्रमाण शेंकडा २५ भरलें. म्हणजे चौघींमागें एक. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें, १५ ते १९ वर्षांच्या ज्या मुलींना नवरा वा जोडीदार आहे किंवा होता, त्यांतल्याही जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या मुलींनीं असा अत्याचार भोगलेला आहे. तेव्हां हा कांहीं उतारवयांतला, गुत्त्यावर आयुष्य घालविलेल्या माणसांचाच रोग नव्हे. मिसरूड फुटण्याच्या वयांतच तो जडतो.

पण ह्याहून बोलका आंकडा पुढेंच आहे. त्याच पाहणींत सात कारणें वाचून दाखवीत असत: न सांगतां घराबाहेर गेली, उलट बोलली, स्वयंपाक नीट केला नाहीं, सासूसासऱ्यांचा मान ठेवला नाहीं, अशीं. ह्यांपैकीं एखाद्या तरी कारणासाठीं नवऱ्यानें बायकोला मारणें योग्य आहे, असें मानणाऱ्या पुरुषांचें प्रमाण शेंकडा ४४ निघालें. स्त्रियांचें किती निघालें असेल? शेंकडा ४५. ज्या गालावर थप्पड बसावयाची तो गालही तिला रास्त ठरवतो, असा ह्याचा अर्थ आहे. पुरुषांस तेवढा दोष देऊन मोकळें होण्याची सोय ह्या आंकड्यानें ठेविली नाहीं.

पुष्कळदां असें म्हणतात कीं, मनुष्य रागाच्या भरांत मारतो, आणि रागाला काय औषध आहे! आम्हीं पस्तीस वर्षें शाळेंत काढलीं. रागाचे सर्व प्रकार पाहिले. परंतु कचेरींत साहेबानें चारचौघांत पाणउतारा केला म्हणून साहेबाच्या श्रीमुखांत देणारा मनुष्य आम्हीं पाहिला नाहीं. तोच मनुष्य सायंकाळीं घरीं येऊन आमटींत मीठ कमी पडल्यावरून ताट भिरकावतो. राग दोन्हीं ठिकाणीं तोच होता. कोणावर काढला तर चालतो, हें ज्ञान मात्र त्याला होतें. आणि तें ज्ञान तो जन्मतः घेऊन आला नव्हता. कोणी तरी तें त्याला शिकविलें. जें शिकविलेलें असतें तें पुसून दुसरें शिकवितां येतें, ह्या एका विश्वासावर पुढें सांगावयाचे सारे प्रयत्न उभे आहेत.

येथें आमची स्वतःची एक चूक सांगणें आम्हांस भाग आहे. लग्नपूर्व मार्गदर्शनाच्या वर्गांत आम्ही कांहीं वर्षें मदत करीत होतों. एके वर्षीं वर्ग संपल्यावर एक मुलगी मागें रेंगाळली. चर्चमध्यें लग्नाची घोषणा वाचून झाली होती, सभागृह ठरलें होतें, पत्रिका वांटल्या गेल्या होत्या. ती म्हणाली, "सर, तो माझा फोन रोज तपासतो. परवां मी दिला नाहीं, तर रस्त्यांत त्यानें माझ्या कानशिलांत दिली. मग रडला, पाया पडला." आणि आम्ही, ज्यांस लोक शहाणे समजतात, तिला काय म्हणालों? "लग्नाआधीं मुलें धास्तावलेलीं असतात, बाई. त्याचें तुझ्यावर प्रेम आहे म्हणून तो संशय घेतो. लग्न झालें कीं सारें निवळेल." ती मान हालवून गेली. दोन वर्षांनीं ती कडेवर मूल घेऊन माहेरीं परत आली. तिला डाव्या कानानें आतां ऐकूं येत नाहीं. आम्हांस तिनें कधीं दोष दिला नाहीं. रस्त्यांत भेटली तर उजवा कान आमच्याकडे करून ती आमची खुशाली विचारते. तिनें त्या दिवशीं आमच्यापुढें प्रश्न ठेविला होता, आणि आम्हीं तिला बाजारांतली म्हण दिली. ह्या विषयाचा अभ्यास आम्ही उतारवयांत करूं लागलों त्याचें कारण हें आहे.

अभ्यासाचा आरंभ आपल्या मुंबईंतूनच करूं. १९९१ सालीं सी. वाय. गोपीनाथ ह्या पत्रकारानें वर्तमानपत्रांत एक आवाहन छापविलें: बायको ही मारण्यासाठीं नसते असें मानणारे पुरुष पाहिजेत. नोकरीच्या जाहिरातीसारखी ही जाहिरात वाचून कित्येकांस हंसूं आलें असेल. पण दोनशें पांच पुरुषांचीं उत्तरें आलीं. त्यांतून १९९३ सालीं 'मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज' ही संस्था निघाली. 'मावा' ह्या सुटसुटीत नांवानें ती ओळखली जाते, आणि हरीश सदानी हे तिचे आरंभापासूनचे कार्यकर्ते. बायकांवरील अत्याचाराचा प्रश्न बायकांच्याच गळ्यांत बांधून पुरुषांनीं बाजूला बसावें, ही रीत ह्या मंडळींनीं मोडली. 'पुरुष स्पंदनं' नांवाचा मराठी दिवाळी अंक ते काढीत आले. २००६ सालापासून पुणें विद्यापीठाच्या महाविद्यालयांतील तरुणांना हातीं धरून त्यांनीं 'युवा मैत्री' हा उपक्रम चालविला. शिकलेला तरुण आपल्या बरोबरीच्या तरुणांशीं बोलतो, पथनाट्य करतो, भिंतीवर लिहितो. वडीलधाऱ्याच्या उपदेशापेक्षां मित्राचा एक टोमणा जास्त खोल जातो, हें त्यांनीं ओळखलें होतें. (आम्ही मास्तर असल्यामुळें हें कबूल करणें आम्हांस जरा जड जातें.)

दुसरा धागा दूर ब्राझील देशांतून आला. रिओ द जानेरो शहरांत 'प्रोमुंडो' नांवाची संस्था आहे. तिनें व तिच्या सहकारी संस्थांनीं तरुण पुरुषांसाठीं बैठकींचा एक क्रम तयार केला. त्यांत एक बिनशब्दाची चित्रफीत दाखवितात. जोआव नांवाचा मुलगा त्यांत लहानाचा मोठा होतो. आणि प्रत्येक वेळीं तो कांहीं निराळें करूं गेला, बाहुली घेऊं गेला वा रडूं लागला, कीं एक मोठी पेन्सिल येते आणि आपल्या रबरानें तें पुसून टाकते. ती पेन्सिल कोणाच्या हातांत आहे हें चित्रफीत सांगत नाहीं. पाहणाऱ्या पोरांनींच तें सांगावयाचें असतें. आम्हीं तो प्रसंग पाहिला तेव्हां आमच्या वर्गांतला एक मुलगा आठवला. आजी वारली त्या आठवड्यांत तो बांकावर डोकें टेकून रडत होता, आणि आम्हीं त्याला म्हटलें होतें, "अरे, तूं काय मुलगी आहेस रडायला?" पेन्सिल आमच्याच हातांत होती.

ह्याच क्रमावरून 'पॉप्युलेशन कौन्सिल' व 'कोरो' ह्या संस्थांनीं मुंबईच्या वस्त्यांतील तरुणांसाठीं 'यारी-दोस्ती' हा कार्यक्रम रचला. पुढें तो उत्तर प्रदेशांत गोरखपूरकडच्या खेड्यांतही नेला. नांवच असें ठेविलें कीं नाक्यावरच्या पोरानें बिचकूं नये. खरा मर्द कोणता, मित्रांच्या समोर मान कसा राखावयाचा, मुलीनें 'नाहीं' म्हटलें तर काय समजावयाचें, अशा गोष्टींवर गट करून बोलावयाचें, प्रसंग वठवावयाचे, आणि वठवितांना मुलाला मुलीची भूमिका द्यावयाची. कार्यक्रमाच्या आधीं व नंतर विचारणा केली, तेव्हां ज्या तरुणांनीं बैठकी केल्या त्यांच्यांत जोडीदारावर हात टाकल्याची कबुली कमी झालेली आढळली. ज्यांना बैठकी मिळाल्या नव्हत्या त्यांच्यांत तशी सुधारणा दिसली नाहीं. कबुली ही शेवटीं त्याच्याच तोंडची, हें ध्यानांत ठेवावें. परंतु तोंडानें बढाई मारण्याचें थांबणें हाही कांहीं लहान फरक नव्हे.

वय जितकें कोवळें तितकें चांगलें, असें पाहून २००८ ते २०१० मध्यें मुंबईच्या ४५ महानगरपालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठीं 'जेम्स' हा उपक्रम झाला. स्त्रियांवरील संशोधनाचें आंतरराष्ट्रीय केंद्र, कोरो आणि टाटा समाज विज्ञान संस्था अशा तिघांनीं तो चालविला. शिवाय क्रिकेटच्या प्रशिक्षकांमार्फत मुलांपर्यंत पोंचण्याचा 'परिवर्तन' नांवाचा प्रयोगही शाळांत व गोवंडीच्या शिवाजीनगर वस्तींत झाला. त्याचें मूळ अमेरिकेंतलें. खेळाडू मुलगा आईबापांचें एक वेळ ऐकणार नाहीं, पण आपल्या प्रशिक्षकाची चाल, बोलणें, शिवीसुद्धां उचलतो. तेव्हां प्रशिक्षकालाच आधीं शिकवावें, हें धोरण आम्हांस फार पटलें. पुढें मुलींसाठीं त्यांनीं कबड्डी निवडली. मैदानावर ओरडून दम घेणाऱ्या मुलीला घरांत आवाज चढवूं नकोस म्हणणें मग कठीण होऊन बसतें.

आतां दोन परदेशच्या गोष्टी. त्या सांगितल्या नाहींत तर ह्या प्रयत्नांत अडचण कोठें आहे तें कळणार नाहीं.

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप प्रांतांत 'स्टेपिंग स्टोन्स' नांवाच्या क्रमाची परीक्षा रेचेल ज्यूक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घेतली, आणि तिचा निकाल २००८ सालीं प्रसिद्ध झाला. सत्तर गांवें, १५ ते २६ वयाचे २७७६ तरुण-तरुणी. मुलगे निराळे व मुली निराळ्या बसत, आणि मधून मधून दोन्ही गट एकत्र येऊन एकमेकांस आपलें म्हणणें सांगत. तीन-तीन तासांच्या तेरा बैठकी, एकंदर सुमारें पन्नास तासांचें काम. दुसऱ्या कांहीं गांवांना तुलनेसाठीं फक्त एक तीन तासांची बैठक दिली. दोन वर्षांनीं पाहतां, पन्नास तास बसलेल्या मुलग्यांनीं जोडीदाराला मारहाण केल्याचें प्रमाण कमी आढळलें. मुलींच्या बाबतींत मात्र अपेक्षित असा पालट दिसला नाहीं. त्यांच्यावर होणारा अत्याचार घटल्याचा पुरावा मिळाला नाहीं. असें कां व्हावें? ज्या मुली बैठकीस आल्या त्यांचे जोडीदार बहुधा बैठकीबाहेरचे होते, असा एक तर्क करतां येतो. एक वाटी शुद्ध पाणी तलावांत ओतून तलाव गोड होत नाहीं. आणि तरुणांना सुधारून त्यांच्या भोंवतालचें गांव तसेंच सोडलें तर फारसें हाताला लागत नाहीं.

ही दुसरी अर्धी गोष्ट युगांडाच्या राजधानींत, कंपाला येथें, कांहींशी साधली. तेथील 'रेझिंग व्हॉइसेस' संस्थेनें 'सासा' नांवाचा क्रम रचला. किस्वाहिली भाषेंत सासा म्हणजे 'आतां'. बाहेरून पंडित न आणतां वस्तींतलेच सामान्य पुरुष व बाया निवडून तयार केल्या. बरोबर पोलीस, दवाखान्यांतले लोक, धर्मगुरु, वडीलधारे ह्यांनाही घेतलें. आणि बोलण्याचा आरंभ 'तूं अपराधी आहेस' येथून न करतां, 'तुझ्या हातांत जी सत्ता आहे ती तूं कशी वापरतोस?' येथून केला. अपराधी म्हटलें कीं मनुष्य दार लावून घेतो. सत्ता आहे म्हटलें कीं तो क्षणभर तरी आपल्या हाताकडे पाहतो. आठ वस्त्यांत ही परीक्षा झाली. काम सुमारें तीन वर्षें चाललें. २०१४ सालीं निकाल आला कीं, कार्यक्रम झालेल्या वस्त्यांत स्त्रियांना वर्षभरांत झालेली शारीरिक मारहाण दुसऱ्या वस्त्यांपेक्षां निम्म्याहून थोडी कमी होती. वस्त्या आठच असल्यामुळें हा आंकडा गणितशास्त्राच्या कसोटीला पक्का उतरत नाहीं, हें संशोधकांनींच प्रामाणिकपणें लिहून ठेविलें. परंतु मारहाण मान्य करण्याची वृत्ति घटली. पुढें आयर्लंडमधील कॅथलिक ख्रिस्तसभेची मदतसंस्था 'ट्रोकेअर' हिच्या सहकार्यानें ख्रिस्ती व मुसलमान समाजांसाठीं 'सासा फेथ' असा निराळा क्रमही तयार झाला. तेव्हां हें काम चर्चच्या अंगणांत बसत नाहीं, असें कोणास म्हणतां यावयाचें नाहीं.

आक्षेप आहेत, आणि ते आम्हीं ह्या आठवड्यांत पुष्कळ ऐकले. एक असा कीं, अशानें मुली डोक्यावर बसतील. ज्यांस दोनच जागा ठाऊक, डोक्यावर किंवा पायांशीं, त्यांनीं शेजारची खुर्ची पाहिलेली दिसत नाहीं. दुसरा अधिक गंभीर आहे: विवाह हें संस्कारबंधन आहे, त्यांत त्रास झाला तरी सोसलाच पाहिजे, नाहीं तर कुटुंब मोडेल. ह्यावर आम्ही आपलें मत देत नाहीं, ख्रिस्तसभेचाच कायदा पाहूं. १९८३ च्या धर्मसंहितेंतील ११५३ व्या कलमाप्रमाणें, जोडीदारापासून मनाला वा शरीराला गंभीर धोका असेल तर वेगळें राहण्यास कायदेशीर कारण आहे. आणि थांबण्यांत धोका असेल तर धर्माध्यक्षांच्या निर्णयाची वाटही पाहावी लागत नाहीं. अमेरिकेंतील धर्माध्यक्षांनीं १९९२ सालीं ह्याच विषयावर पत्रक काढून, अत्याचारी संसारांत राहण्याची अपेक्षा कोणाकडूनही नाहीं, असें स्पष्ट केलें. पोप फ्रान्सिस ह्यांनींही २०१६ च्या 'आमोरिस लेतिसिया' ह्या पत्रांत स्त्रियांवरील मारहाणीला बळ न म्हणतां भेकडपणा म्हटलें आहे. पौलाच्या पत्रांतली पत्नीसंबंधींची ओळ पाठ असणारे पुरुष आम्हांस पुष्कळ भेटतात. तिच्या पुढें पतीसंबंधीं जें लिहिलें आहे, आणि तें लांबीनेंही अधिक आहे, तें पाठ असलेला क्वचितच भेटतो.

तिसरा आक्षेप आम्हांस मान्य आहे. दारू व बेकारी तशीच राहूं दिली तर नुसत्या बैठकींनीं काय होणार? दक्षिण आफ्रिकेंत पुढें दरबानच्या वस्त्यांत ह्याच बैठकींना उपजीविकेच्या शिक्षणाची जोड द्यावी लागली, ती उगीच नव्हे. आणि ज्या घरांत आज मार पडत आहे तेथें बैठकीची वाट पाहत बसूं नये. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलांत आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयांत २००० सालीं 'दिलासा' केंद्र निघालें, त्या धर्तीवर इतर रुग्णालयांतही केंद्रें निघालीं. १८१ हा स्त्रियांसाठींचा मदतीचा क्रमांक आहे. मुलींनीं तो आजच फोनमध्यें लिहून ठेवावा, दुसऱ्या एखाद्या नांवानें ठेविला तरी चालेल. आणि मुलग्यांनो, तुम्हांसही एक सांगतों: जिचा फोन तपासल्यावांचून तुम्हांस झोंप येत नाहीं, तिच्यावर तुमचें प्रेम आहे असें कोणी म्हातारा मास्तर सांगूं लागला, तर त्याचें ऐकूं नका.

आपल्या धर्मग्रामांत काय करतां येईल हें फादरांशीं व युवक मंडळाशीं बोलून ठरविलें आहे. एका तासाच्या भाषणानें कांहीं होत नाहीं, हें आम्हीं आत्तांच आपणांस तासभर बोलून सांगितलें. म्हणून हें भाषण म्हणजे केवळ निमंत्रण समजावें. सोळा वर्षांवरील मुलग्यांची बैठक दर रविवारीं सकाळच्या मिस्सानंतर शाळेच्या खोलींत, मुलींची त्याच वेळीं सभागृहांत, अशी चार महिने चालेल. महिन्यांतून एकदां दोन्ही बैठकी एकत्र. फुटबॉल व कबड्डी शिकविणाऱ्या दोघांनीं आधीं स्वतः शिकण्याचें कबूल केलें आहे. पालकांची बैठक निराळी, आणि तीस बापांनीं यावयाचें आहे. आयांना पाठवून मोकळें होतां येणार नाहीं. लग्नपूर्व वर्गांत ह्यापुढें वधू व वर ह्यांना एकेकटें बसवून विचारणा होईल, आणि मुलीशीं बोलावयास बाईच असेल. ती जागा आम्ही सोडली आहे. ज्या मुलीविषयीं आम्हीं मघांशीं सांगितलें तिला आम्ही हें काम पत्कराल का, असें विचारलें. ही हकीकत सभेंत सांगण्याची मुभाही तिनेंच दिली. तिनें आठ दिवस मागून घेतले आहेत.

नांवें देण्याची वही दाराजवळ ठेविली आहे. मुलग्यांच्या वहींतलें पहिलें नांव आमचें आहे. वयाची अट फादरांनीं आमच्यापुरती शिथिल केली. चहा तयार आहे, असें मागून खुणावीत आहेत.